घाबरट मादी

माझा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधारात लोंबकळणारा हा माणूस अचानक फुलपाखरांची पुस्तकं वाचायला लागला, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, "तुझा भाऊ कामातून गेला. शोध, कोण आहे ती."

ती निघाली दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याची लिफ्ट अडकली, आत ती, बाहेर हा. दार उघडून तिला हात देताना यानं विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? ती म्हणाली, गावाबाहेरच्या कुरणात फुलपाखरं मोजते. हा पठ्ठ्या लगेच, "काय सांगता! मीपण!" तोवर फुलपाखरू आणि झुरळ यातला फरक याला चपलेनंच कळायचा.

आता ही मोजणी जोडीनं चालते. एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि तीच जोडी अख्खा हंगाम, दर रविवारी. डॉक्टरांची जोडीदारीण परगावी गेलेली. डॉक्टर याला म्हणाल्या, "या रविवारी या. कुरणातलं सगळ्यात साधं, तपकिरी फुलपाखरू, ते ओळखून दाखवा. जमलं तर आपली जोडी पक्की."

जोडी पक्की! या दोन शब्दांवर मेहुण्यानं दोन दिवस जेवण सोडलं.

शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये आला. मी गाड्यांना रंग मारतो. स्टुलावर बसून म्हणाला, "भाऊजी, पुस्तकात सगळं दिसतं हो. पंखाच्या टोकाला काळा ठिपका, त्यात पांढरं टिंब, मादी असेल तर भोवती केशरी. पण गवतात गेलो की सगळंच तपकिरी. मी वाळक्या पानाकडे बोट दाखवणार आणि ती हसणार."

"घाबरतोस काय, मी आहे ना!"

"त्याचीच तर भीती वाटते."

त्याला म्हटलं, कुरणाच्या कुंपणाला लागून काटेरी झुडूप आहे, त्याच्या जांभळ्या फुलावर एक हमखास बसतं, सरळ तिथे जा. तो गेल्यावर पुठ्ठा कातरला. तपकिरी रंग, केशरी, ठिपका, टिंब, सगळं झकास. हाताला सवय म्हणून वरून चकाकीचा हातही मारला. बायको बघून म्हणाली, "फुलपाखरू आहे की गाडीचं दार?"

रविवारी सकाळी ते दार मी फुलावर टोचलं, त्याला मासे पकडायचा दोरा बांधला आणि झुडपामागे उताणा पडलो.

आले दोघं. मेहुण्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुरणात! चार पावलांवर थांबला आणि ऐटीत म्हणाला, "ते बघा. मादी. केशरी पट्टा, ठिपका एकदम स्पष्ट."

डॉक्टरांनी दुर्बीण लावली. काच पुसून पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "ठिपका दिसतोय म्हणजे ती घाबरलीय. घाबरली की पुढचा पंख वर काढून तो डोळा दाखवते. निवांत झाली की पंख खाली सरकवून लपवते. बसू या आपण. होऊ दे तिला निवांत."

बसले. आता पुठ्ठा कशाचा निवांत होतोय! माझ्या पाठीखाली मुंग्यांनी संसार थाटला. ऊन चढलं. ती बया आपली डोळे वटारून बसलेली.

"फारच घाबरट आहे हो," डॉक्टर म्हणाल्या.

"घरचं काही टेन्शन असेल," मेहुणा म्हणाला.

"सासरचं?"

"भाऊजी वगैरे असतील एखादे."

मी तोंडात रुमाल कोंबला. तेवढ्यात गवतातून एक गडद तपकिरी नर भिरभिरत आला. खराखुरा! माझ्या पुठ्ठ्याभोवती एक फेरी, दोन फेऱ्या, मग शेजारी बसून पंख फडफडवायला लागला. माझ्या कलेला आजवर कोणी इतकी दाद दिली नव्हती. मला आवरेना. हसू दाबता दाबता शिंक आली, हात हलला, दोरा ओढला गेला आणि नवरी उडून माझ्या छातीवर. मागोमाग नवरदेव!

झुडपावरून दोन तोंडं डोकावली.

"भाऊजी!" मेहुणा पांढराफटक पडला.

"हे तुमचे भाऊजी?" डॉक्टर म्हणाल्या. "आणि हा पुठ्ठा?"

मी तयारच होतो. म्हणणार होतो, ताई, हा विज्ञानाचा प्रयोग आहे. पण मेहुणा आधी बोलला. "पुठ्ठाच आहे. मला माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हीच तर बोंब आहे. मला फुलपाखरातलं ओ की ठो कळत नाही. त्या दिवशी लिफ्टपाशी थाप मारली. म्हटलं, निदान रविवारी भेटाल."

तो माझ्या छातीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "पण हे खरं आहे. गडद आहे, केशरी जवळजवळ नाही, म्हणजे नर. आणि आत्ता बघा, ठिपका होता तो गेला. पंख खाली घेतला. निवांत झाला."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "लिहा. नर, एक."

मी उठायला गेलो, तर त्या कडाडल्या, "हलायचं नाही! बसलेलं फुलपाखरू उडवायचं नाही, हा आमचा नियम आहे."

मग दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. डॉक्टरांनी डबा उघडला, माझ्या पोटावरून त्याच्याकडे सरकवला. पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं, कोणाच्या गाडीनं, सगळं ठरलं. त्या म्हणाल्या, थाप लिफ्टपाशीच कळली होती, इतक्या आनंदानं कोणी फुलपाखरं मोजत नाही. मेहुणा लाजला. माझ्या नाकावर माशी बसली.

"भाऊजी, तुम्हालाही एक घास देऊ?" मेहुण्यानं विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "चावताना छाती हलते."