माफ केलेलं वाचन

शनिवारी दुपारी माझ्या बाहेरच्या खोलीत सात मुलं इंग्रजी शिकायला येतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण हातात खडू नसला की मला चैन पडत नाही. त्या दिवशी फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं होतं : वेव्ह.

"म्हणजे आपल्या हक्काची गोष्ट आपणहून सोडून देणं, नाहीतर एखादी अट माफ करणं," मी सांगितलं. "पण ज्याचा हक्क, त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्याने नाही. आता उदाहरणं सांगा."

"आईने माझी आंघोळ वेव्ह केली!" गुंड्या म्हणाला.

"तरीच वास येतोय," त्याची बहीण म्हणाली.

हशा पिकला. कोपऱ्यातली बिट्टी मात्र हसली नाही. ती नऊ वर्षांची. बोलताना शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तिची जीभ अडते. तीन आठवडे मी वाचनात तिचा नंबर आला की अलगद पुढच्या मुलाकडे वळत होतो.

तिची आई तिला न्यायला लवकर आली होती आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तीही पूर्वी शाळेत माझीच विद्यार्थिनी होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. तिच्यावाचून मालकाचं पान हलत नाही म्हणे.

"आता माझं उदाहरण ऐका," मी म्हणालो आणि तिच्याकडे पाहून जरा हसलोही. तिला बरं वाटेल असं मला खरोखरच वाटलं होतं. "माझ्या वर्गात एक मुलगी होती. मोठ्याने वाचायची तिला फार भीती. मी तोंडी परीक्षेत तिचं वाचन माफ केलं आणि वर पूर्ण गुण दिले." मग फळ्यावर लिहिलं : द टीचर वेव्ह्ड हर रीडिंग.

मुलं भराभर उतरवून घेऊ लागली.

"स-सर," दाराकडून आवाज आला. "ती मु... मुलगी मीच."

"हो गं, म्हणून तर—"

"पण मला भीती नव्हती." ती थांबत थांबत बोलत होती. "महिनाभर मी रोज आ-आरशासमोर तो धडा वाचत होते. तुम्ही म्हणालात, बस खाली, तुला माफ. मला वाटलं, इतकं वाईट वाचते मी? मग पुढच्या वर्गातही सगळे माफच करत गेले. आता दुकानात पुढे बसून गिऱ्हाइकाला 'खालची ओळ वाचा' एवढंच म्हणायचं असतं. मालक म्हणतात, तू कशाला त्रास घेतेस, मागेच बैस. अ-अकरा वर्षं झाली."

मग गुंड्याने विचारलं, "आजोबा, वाचायचा हक्क मावशींचा होता ना? मग तुम्ही कसा सोडलात? त्यांना विचारलं होतंत?"

तेव्हा वर्गात बावन्न मुलं होती, घंटा व्हायला आली होती, हे सगळं सांगता आलं असतं. पण खरं ते वेगळंच होतं. तिचं अडखळणं तिच्यापेक्षा मलाच सोसत नव्हतं.

"नाही विचारलं," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"माझं राहू द्या, सर. हिचं..." ती म्हणाली आणि गप्प झाली. या वेळी जीभ अडली नव्हती.

"बिट्टी, आज वाचतेस? नको असेल तर नको. पण ते तू ठरवायचं."

बिट्टी उठली. माझं जुनं पाठ्यपुस्तक दोन्ही हातांनी धरलं. धडा पुलावरच्या बकरीचा होता. पहिल्याच शब्दावर ती अडली. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. एरवी मी तो देऊन मोकळा झालो असतो. गुंड्याची बहीण सांगायला गेली, तेवढ्यात गुंड्याने तिला चिमटा काढला. मी खडू इतका घट्ट धरला की तो मोडला.

शब्द आला. मग पुढचा. चार वाक्यांना किती वेळ लागला कोण जाणे. दाराशी तिच्या आईचे ओठ आवाज न करता हलत होते. तिने आरशासमोर वाचलेला तोच धडा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

निघताना बिट्टीच्या आईने विचारलं, "पुढच्या श-शनिवारी?"

"पहिला नंबर तिचाच."

तिने मान हलवली. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हसली नाही, मुलीचा हात धरून पायऱ्या उतरली.

मी फळा पुसला. पण ते वाक्य सात वह्यांत गेलं होतं.