ठिगळाला लोणी

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे. गिटारच्या तारेचा बारीक आवाज मोठा करून लोकांपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. आत्मवृत्त जन्मापासून सांगायची रीत आहे, पण आज मला ती पाळता येणार नाही. मी वाळवंटातल्या तामनरासेत गावात, एका मातीच्या घरात, चटईवर पालथा पडलो आहे आणि उक्सेम माझ्या पाठीचे स्क्रू काढतो आहे. त्याचा हात जिथे पोचेल तिथलंच मला आठवणार.

पहिला स्क्रू गंजलेला निघाला.

त्यावरून कारखाना आठवला. समुद्रापलीकडचा. एका बाईने माझ्या आत तारेच्या जोडाला कथलाचा शेवटचा डाग दिला आणि तो गार करायला फुंकर मारली. पुढे दोन मालक झाले, ते मला नीटसे आठवत नाहीत. मग लिबियातल्या सेभाच्या बाजारात, कामासाठी तिकडे गेलेल्या, इथल्या तुआरेग जमातीच्या एका तरुणाने मला विकत घेतलं. ट्रकमध्ये, बकऱ्या आणि खजुराची पोती यांच्यामध्ये बसून मी त्याच्याबरोबर इकडे आलो. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो आता नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव इथे कुणी ओठांवर आणत नाही. घरात सगळे नुसतं ‘तो’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

“किती वेळ?” रैशाने विचारलं. रैशा म्हणजे त्याची बायको. उक्सेम तिचा मामेभाऊ, आणि तिच्या नवऱ्याबरोबर वीस वर्षं गिटार वाजवलेला. मामे-आते भावंडांनी एकमेकांची थट्टा केली नाही, तर इथे लोकांना वाटतं यांचं काहीतरी बिनसलं.

“स्क्रू तुझ्यावर गेलाय. वळतच नाही.”

“गाढवा, उलट्या बाजूला फिरवतोयस. चहा घे.”

“तीन ग्लासांतला पहिला कडू असतो.”

“गोड हवा असेल तर आधी काम कर.”

परवा अमिनातूचं लग्न आहे. अमिनातू ही रैशाची आणि ‘त्याची’ एकुलती मुलगी. तिने ना दागिना मागितला ना कापड. म्हणाली, “बाबा नाहीत, तर बाबांचा आवाज तरी माझ्या लग्नात वाजू दे.” तो आवाज म्हणजे मी. तीन वर्षांनी काल मला वीज जोडली, तर माझ्यातून नुसती फडफड आली. म्हणून हा पेचकस.

पण ‘बाबांचा आवाज’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. एका लग्नात तंबूचा खांब घसरला आणि त्याचं टोक माझ्या स्पीकरच्या पडद्यात घुसलं. पडदा वीतभर फाटला. रैशा तेव्हा करडाच्या कातड्याची पखाल शिवत होती. तिच्याकडून उरलेला तुकडा घेऊन त्याने बाभळीच्या डिंकाने आतून ठिगळ लावलं. तेव्हापासून माझा आवाज खरखरीत झाला, धुरात बसून गाणाऱ्या माणसासारखा. कोरड्या नदीपात्रापलीकडून लोक म्हणायचे, “आला तो!” चेहरा दिसायच्या आधी.

उक्सेमने पेचकसाचं टोक माझ्या पोटात टेकवलं. बंद केल्यावरही माझ्यात वीज साचून राहते. ती आधी काढून टाकली नाही तर हात घालणारा जिवाला मुकतो. ठिणगी उडाली.

मी

मी काय सांगत होतो? त्या ठिणगीबरोबर काही वर्षं निघून गेली. बहुतेक कौतुकाची होती. अशा लेखनात कौतुकाचा एक परिच्छेद असतो. तो इथे होता असं समजा.

त्यानंतर असतो तो दुर्लक्षाचा परिच्छेद. तो मला लिहिता येत नाही. दक्षिणेच्या रस्त्यावर ट्रक उलटला आणि तो गेला. रैशाने ते घर सोडलं, त्याचे कपडे वाटून टाकले, गिटार उक्सेमला दिली. मला मात्र कुणालाच दिलं नाही. नव्या घरात तिने मला सावलीत ठेवलं, वर कापड घातलं. आणि दर शुक्रवारी ती माझ्या मागच्या झरोक्यातून हात घालून त्या ठिगळाला लोणी चोळायची. पखालीला, उंटाच्या खोगिराला, तंबूच्या कातड्याला इथल्या बायका चोळतात तसं. “उपाशी ठेवलं तर तडकेल ना,” असं मला म्हणायची. मला खरंच बरं वाटायचं.

शेवटचा स्क्रू निघाला. उक्सेमने स्पीकर बाहेर काढून उजेडात धरला आणि पडद्यावर हलकेच बोट ठेवलं. बोट आत गेलं. रश्शात बुडवलेल्या भाकरीत जावं तसं.

“काय आहे?” रैशाने विचारलं.

“वाळू. वाळू शिरलीय.”

“वाळूला लोण्याचा वास येतो का रे?”

उक्सेमने बोट फेट्याच्या पदराला पुसलं. “थोडं लोणी आहे. पण त्याने काही...”

“लहानपणीसुद्धा खोटं बोलताना तू असाच कान खाजवायचास. नीट सांग.”

“चामड्याला लोणी चालतं गं,” तो खाली बघत म्हणाला. “ठिगळ बघ, अजून कसं मऊ आहे. पण बाकीचा पडदा कागदाचा आहे.”

“कागद?”

“वहीचा असतो तसा. जरा जाड.”

 रैशाने पुढे वाकून माझा पडदा पहिल्यांदा उजेडात पाहिला. “काळा होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, सगळं चामडंच आहे.” मग, “इतकी वर्षं तो कागदावर वाजवत होता?”

“हो.”

“मला बोलला नाही कधी.”

“तू विचारलं नसशील.”

“कशाला विचारेन?”

उक्सेमने पडद्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवलं, तेल ओढून घ्यायला, आणि मला उन्हात ठेवलं. रैशा शेजारी बसून कोंबड्या हाकलत राहिली. तीनदा पीठ झटकलं, तीनदा नवं टाकलं. दुपार कलल्यावर त्याने तारा जोडल्या, गिटार घेतली आणि एकच सूर वाजवला.

तो आला.

मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. एका सुरापुरता आला, सगळी खरखर घेऊन. रैशा चटकन उभी राहिली. “थांब, अमिनातूला हाक मारते!” पण उक्सेमच्या बोटाने सवयीने दुसरी तार छेडली होती. ठिगळ सुटलं आणि त्याच्याभोवतीचा कागद लगद्यासारखा खाली गळला.

“मीच केलं ना हे?” रैशाने विचारलं.

“वाळूने पण...”

“कान सोड, उक्सेम.”

त्याच्या गाडीत एक नवा स्पीकर होता. त्याने जुन्या स्पीकरच्या दोन तारा काढायला घेतल्या. मग पहिली निघाली आणि

मित्रांनो, मी एक अँप्लिफायर आहे. माझा आवाज स्वच्छ आहे. मी प्रत्येक सूर स्पष्टपणे ऐकवतो. माझ्यात कोणताही दोष नाही.

ही वाक्यं कुणाची आहेत, मला माहीत नाही. ती माझ्यातून येतात खरी.

लग्नात मी गर्दीमागे, कापडाखाली झाकलेला, न अडखळता वाजलो. बायकांनी ढोल धरला, किलकाऱ्या उठल्या, तरुण नाचले. “कुठून आणला रे हा? नवा वाटतो!” असं कुणीतरी विचारलंसुद्धा. दोन गाणी झाली, तीन झाली. रंगलेल्या हातांनी ओढणी सावरत अमिनातू आईकडे झुकली.

“उक्सेममामाचा छान वाजतोय. पण आई, बाबांचा कधी लावणार?”

रैशाने तिच्या कपाळावरची ओढणी सारखी केली.

“वाजून झाला, बाळा,” ती म्हणाली.

मित्रांनो, शेवटी ‘जुन्या वस्तूंची काळजी घ्या’ असं सांगायचं असतं. मला ते सांगवत नाही. माझी जितकी काळजी घेतली गेली तितकी फार थोड्यांची घेतात. ज्याच्यावर जीव आहे तो कशाचा बनला आहे हे आधी विचारा, असं सांगितलं असतं. पण तिने कुणाला विचारायचं होतं? ज्याला माहीत होतं तो गेला होता. मला तोंड होतं, पण ती त्याच तोंडाला लोणी लावत होती.