चौकातला गरम दगड

"हात ठेवा, हात ठेवा! घाबरू नका, भाजत नाही. या चौकावर दिवसभरात आलेले घाव शिळेनं पिऊन टाकलेत, त्याची ही ऊब!"

महाराज माईकवरून ओरडत होते आणि माणसं एकेक करून त्या काळ्या दगडावर तळवे टेकवत होती. बँकेतले साहेब, भाजीवाली, कॉलेजातल्या प्राध्यापकबाई, सगळे. हात टेकला की प्रत्येकाचे डोळे विस्फारायचे, "अगं बाई, खरंच गरम आहे!" दिवसभर उन्हात पडलेला काळा दगड संध्याकाळी गरम लागणार नाही तर काय? माझ्या दवाखान्याच्या पायरीलाही हा चमत्कार रोज जमतो, पण तिच्यावर कोणी फुलं वाहत नाही.

"ही शिळा तीन जन्म ध्यानस्थ होती!" महाराज पुढे सांगत होते. दगडाला ध्यानस्थ बसण्यावाचून दुसरं काय जमतं, हे विचारायची सोय नव्हती.

पण ऊब हा झाला किरकोळ भाग. खरा चमत्कार वेगळाच होता आणि तो मलाही उलगडत नव्हता. दगड बसवल्यापासून आमच्या चौकात एकही अपघात झाला नव्हता.

हे मी खात्रीनं सांगते, कारण मी हाडांची डॉक्टर आहे आणि माझा दवाखाना या चौकाच्या कोपऱ्यावरच आहे. इथे कोणी आपटलं की आधी माझ्याकडे आणतात. कोणाचं मनगट, कोणाची नडगी, तर कधी असा माणूस की त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. शेजारचा चष्मेवाला तसाच गेला. त्यानंतर आम्ही सिग्नलसाठी सह्या गोळा केल्या, पालिकेत खेटे घातले. नगरसेवक प्रत्येक वेळी "प्रस्ताव वर पाठवलाय" म्हणायचे. आणि एका सकाळी ते सिग्नलऐवजी महाराजांना घेऊन आले. सिग्नलला टेंडर लागतं, वीज लागते, देखभाल लागते. दगडाला एक टेम्पो आणि आमच्या कोपऱ्याचा फुटपाथ पुरला. मग सह्यांचा विषय काढला की लोकच म्हणायला लागले, "आता कशाला हवाय सिग्नल?"

मी नास्तिक असते तर गोष्ट सोपी होती. पण प्रार्थना केल्याशिवाय मी दवाखान्याचं दार उघडत नाही. ऑपरेशनआधी देवाचं नाव घेते, मत द्यायला जातानाही घेते. नाव घेऊन झालं की हात मात्र मलाच धुवावे लागतात, आणि मतदानाच्या रांगेत पायही माझेच दुखतात. देवाकडे अख्ख्या विश्वाचा व्याप आहे, निदान चौकातला सिग्नल तरी पालिकेनं बघावा, एवढीच माझी राजकारणाची समज. हल्ली जो तो उठतो आणि पालिकेचं काम देवाच्या गळ्यात मारतो. देव तक्रार करत नाही, म्हणून काय काहीही खपवायचं? पूर्वी मला याचा संताप यायचा. आता नुसता थकवा येतो.

तेही एकवेळ चाललं असतं, पण माझी थोरली बहीण यात सापडली. ताई माझ्याकडेच राहते. गुडघे कुरकुरतात, एका कानानं ऐकू येत नाही, आणि सकाळची प्रार्थना रस्त्यापलीकडच्या प्रार्थनागृहातच करायची असा हट्ट. महाराजांनी सांगून ठेवलं होतं, "शिळेला हात लावा, डोळे मिटा, नाव घ्या आणि बिनधास्त चाला." एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर ताई हात जोडून, डोळे मिटून, रस्त्याच्या अगदी मधोमध!

ती घरी आल्यावर मी तडकलेच. "ताई, अगं वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नकोस. तूच सांग, दगड बसल्यापासून चौकातला एक तरी पेशंट आला तुझ्याकडे?"

"नाही आला."

"मग? तू नाव घेतेस, पण भरवसा ठेवत नाहीस. तुझं सगळं अर्धवट."

हे मला लागलं.

उत्तर मिळालं ते एका ट्रकवाल्याकडून. खांदा धरून दवाखान्यात आला होता. मी म्हटलं, "गाडी फार चालवताय वाटतं."

"चालवू नको तर काय करू, डॉक्टरबाई? नदीवरचा पूल जड गाड्यांना बंद केल्यापासून सगळा माल बाहेरच्या रस्त्यानं जातोय. केवढा वळसा! पण सुटलो आता. उद्यापासून पूल सुरू. मग पुन्हा आपल्या या चौकातूनच."

माझे हात थांबले. "पूल बंद कधी झाला होता?"

"तुमचा तो दगड बसला ना, त्याच्या आदल्या दिवशी."

बस. चौकात अपघात नव्हते, कारण चौकात ट्रकच नव्हते. रिक्षा, स्कूटर, मोटारी सगळं चालू होतं, त्यामुळे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आवाज कमी झालाय एवढं जाणवलं होतं, पण ती शांतताही शिळेच्या खात्यावर जमा झाली होती. आणि पूल बंद होणार हे सर्वांत आधी कोणाला कळतं? पालिकेच्या बांधकाम समितीला. तिच्यावर आमचे नगरसेवकच होते.

त्या संध्याकाळी मी दवाखाना लवकर बंद केला. महाराजांची गाडी पलीकडे थांबली. चेल्याचा हात घट्ट धरून त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं आणि लगबगीनं रस्ता ओलांडला.

ते माईक हातात घेणार तोच मी विचारलं, "महाराज, आत्ता तुम्ही दोन्हीकडे का पाहिलंत?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"भक्त कुठून कुठून येताहेत ते पाहत होतो, माई."

"मग ऐका. उद्यापासून पूल सुरू होतोय. इतके दिवस ट्रक बाहेरून जात होते, म्हणून अपघात नव्हते. माझ्या बहिणीला तुम्ही डोळे मिटून चालायला शिकवलंत. उद्या सकाळी तिचा हात धरा आणि दोघं डोळे मिटून ओलांडा."

महाराजांनी शेजारी उभ्या असलेल्या नगरसेवकांकडे पाहिलं. नगरसेवकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"देवाची परीक्षा घेऊ नये, माई."

"देवाची कुठे घेतेय? दगडाची घेतेय."

"उद्या आमचा परगावी कार्यक्रम आहे."

लोकांना पटलं? छे! प्राध्यापकबाई मलाच म्हणाल्या, "डॉक्टर, दुसऱ्याच्या श्रद्धेत असं लुडबुडू नये." ताई गर्दीत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सकाळी माझी प्रार्थना होईपर्यंत ती निघून गेली होती. रस्त्यावरून ट्रकांची घरघर ऐकू आली आणि मी चपला न घालताच धावले. ताई दगडापाशी उभी होती, हात त्याच्यावर टेकलेला. एका लांब ट्रकनं वळण फार आखडतं घेतलं. त्याचं मागचं चाक कोपऱ्यावर चढलं आणि दगडाचे तुकडे झाले. धुळीत मला काही दिसेना. माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघालं नाही.

धूळ बसली तेव्हा ताई चष्मेवाल्याच्या बंद दुकानाला पाठ लावून उभी होती. धुळीनं माखलेली, पण धडधाकट.

"शिळेनं अंगावर घेतलं!" कोणीतरी ओरडलं. "ताईंना वाचवलं शिळेनं!" दोघं-तिघं तुकडे वेचायलाही लागले.

"गप्प बसा!" ताईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नाव घेत होते, पण आज डोळे उघडे ठेवले होते. चाक वर चढताना दिसलं म्हणून मागे सरले. मिटलेले असते तर आत्ता मलाही वेचत बसला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सह्यांचा तो कागद कुठाय? आधी माझी घे."

जिंकल्याचा आनंद वगैरे मला काही झाला नाही. तिथेच फुटपाथवर बसकण मारावी असं वाटलं. महाराजांना दुसरा चौक मिळेल, नगरसेवकांना दुसरा दगड. म्हणून एवढंच सांगते. देव जरूर माना, मीही मानते. पण कोणी चमत्कार दाखवला, की त्याच सुमारास आणखी काय बदललं ते शोधा. आणि दाखवणारा स्वतः रस्ता कसा ओलांडतो, ते नीट बघा.

सिग्नल अजून बसलेला नाही. रोज सकाळी मी ताईचा हात धरून तिला पलीकडे सोडते, आणि तशीच पालिकेत जाते.