अठ्ठेचाळीस मिनिटं

“मेजर, गाडी लय झ्याक चालतीय. उसाच्या रानातनं आणली, पण खाली कुठं घासली न्हाई,” फोनवर मदन चौगुले सांगत होता. “आता सामायिकाला बसतो. मोबाईल बंद. उठलो की आईला घेऊन खंडाळ्याला जाणार, बहिणीकडं, ब्राह्मीकडं.”

“जावा की,” लालासाहेब म्हणाले. फोन खिशात ठेवताना गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या एका जीपकडे त्यांचं लक्ष गेलं. तिचं चाक खाली लोंबत होतं आणि त्याबरोबर ब्रेकची रबरी नळी ताणली गेली होती.

मदनची चौदा वर्षांची स्कॉर्पिओ त्यांनी कालच दोन इंच उचलून दिली होती. स्प्रिंगखाली चकत्या, लांब शॉकअप. गाडी जमिनीवर उभी असताना नळी सैलच दिसते. चाक खड्ड्यात लोंबलं की खरं कळतं. तसं लोंबवून आपण पाहिलं होतं का?

चकत्या आठवत होत्या. बोल्ट आठवत होते. ते मात्र आठवेना.

त्यांनी जॅक मोटारसायकलला बांधला.

“ताट वाढलंय आन् निघाला कुठं?” त्यांची बायको, रंगूबाई, दारातून ओरडली. “पेन्शन सुरू झाली तरी बिगुल वाजतोच व्हय तुमचा?”

“मदनच्या गाडीचा ब्रेक बघायचाय.”

“काल सांजच्यापतोर त्योच करत हुतासा न्हवं?”

त्यांनी किक मारली. सामायिक, म्हणजे जैनांचं एका जागी बसून करायचं ध्यान, अठ्ठेचाळीस मिनिटांचं. तेवढा वेळ मदन जागचा हलणार नव्हता, म्हणजे गाडीही. मदनचा मळा तीस किलोमीटर. विश्रामबागच्या सिग्नलला त्यांनी फोन लावला. बंद. बरं वाटलं. फाट्यावर पुन्हा लावला. बंद. मळ्याच्या वळणावर तिसऱ्यांदा लावला, तर रिंग वाजू लागली.

कोणी उचलला नाही.

समोरून, ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून, स्कॉर्पिओ डुलत येत होती. लालासाहेबांनी मोटारसायकल रस्त्यात आडवी घातली.

“आवं, दरोडा घालताय का काय?” पुढच्या सीटवरून मदनची आई, गुणमालाबाई, हसल्या.

“उतरा, आक्का. ब्रेकची नळी तुटंल. माझ्याकडनं बघायचं ऱ्हायलंय.”

मदनचा चेहरा उतरला. त्याने आईला बांधावर बसवलं. लालासाहेबांनी जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं, लोंबलं. ते पाठीवर सरकत खाली गेले.

नळी नवी होती. जुनीपेक्षा चांगली चार बोटं लांब. लोंबत्या चाकावरही सैल. नटवर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. लोंबत्या चाकावर तपासून झालं की ते तसा ठिपका देत, फौजेतल्या वर्कशॉपपासून.

मदनने वाकून पाहिलं. “नवीच घातलीया की, मेजर! उगंच जीव घाबरा केलासा.”

“व्हय.”

“मग या भाईर. आई मळ्यावर चहाला चला म्हणतीय.”

लालासाहेबांनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. रंग वाळलेला होता. हात आपलाच, एवढं ओळखू येत होतं.

“मदन,” ते खालूनच म्हणाले, “काल ही नळी घातली तवा तू हितं हुतास?”

“हुतो की. तुमीच मला दाखवलीसा.”

“आसं,” लालासाहेब म्हणाले, आणि दुसऱ्या चाकाकडे सरकले.