खोली तापली, भिंत भिजली

आमच्या ह्यांना भिंती कळतात, आग कळत नाही. ते गिलाव्याची कामं घेतात आणि मी गॅसचे हीटर विकते, भाड्यानेही देते. बांधकामावर कोणता, तंबूत कोणता, गोदामात कोणता, हे सगळे मला विचारून ठरवतात. घरचा माणूस मात्र विचारेल तर शपथ. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

लेक रविवारी तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. तिच्यासाठी ह्यांनी वरच्या मजल्यावर नवी खोली बांधली. पण थंडी मी मी म्हणत होती आणि गिलावा ओलाकच्च. मी बजावलं होतं, धुराड्याचा हीटर लावू. त्याची आग बाहेर गच्चीत राहते, धूर तिकडेच जातो, आत पाइपातून नुसती कोरडी गरम हवा येते. ह्यांना तो मरतुकडा वाटला. मी माल आणायला गेले आणि स्वारीने दुकानातला सगळ्यांत दांडगा, उघड्या ज्योतीचा हीटर वर नेऊन पेटवला. वर दारं-खिडक्या गच्च बंद.

मी परतले तर खोलीत भट्टी आणि भिंतींवरून पाण्याचे ओघळ. गॅस जळला की वाफ होते, ती बंद खोलीतून जाणार कुठे? हे आपले फडक्याने भिंत पुसतायत. मी हीटर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्या कोंडलेल्या हवेत जीव गेला असता म्हणजे?

ते जिन्यावर बसले. हातातलं फडकं पिळत म्हणाले, "पोरगी झाली तेव्हा आपण त्या ओल आलेल्या खोलीत राहत होतो. पहिला हिवाळा खोकण्यात गेला तिचा. तिच्या लेकराला तरी कोरडी भिंत मिळू दे म्हटलं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. एवढं मनात ठेवून हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती लिंपत होता, आणि मला पत्ता नाही.

मग धुराड्याचा हीटर लावला, ओल बाहेर जायला खिडकी जराशी किलकिली ठेवली. दोघंही जाता-येता भिंतीला हात लावून बघायचो. पण गिलावा कुणाच्या बापाचं ऐकतो? रविवार उजाडला तरी भिंत गारच.

लेक आली ती बाळाला घेऊन थेट जिन्याकडे. हे आडवे उभे राहिले. गिऱ्हाइकासमोर कधी हार न मानणारा माणूस, पण खाली बघत म्हणाला, "अजून वाळली नाही गं. चुकलं माझं. तुम्ही दोघं आमच्या खोलीत झोपा."

मग तुम्ही कुठे, असं तिने विचारलं.

"मी आणि तुझी आई वर. आम्हाला ओलीची सवय आहे."

मला विचारलंसुद्धा नाही. मी दोन उशा उचलल्या आणि त्यांच्या मागोमाग जिना चढले.