चौथी चूल

चाहे-तल्ख गावची माणसं मोजायला बीरजंद शहरातून बाई येणार म्हटल्यावर सफरअली आधी चुली मोजायला लागला. गावात चुली उरल्या होत्या तीन: त्याची, मेंढपाळ हैदरची आणि म्हाताऱ्या नौरोजची. चार चुलींच्या खाली गेलं की सरकारी यादीत लोकसंख्येच्या जागी नुसती रेघ मारतात. डोंगरापलीकडच्या गावावर मागच्या खेपेला अशी रेघ पडली आणि पाण्याचा टँकर तिकडे वळेनासा झाला. इथल्या विहिरीचं पाणी तर कडूजहर, बकरीसुद्धा तोंड फिरवते.

"मग चार करा की," त्याची बायको नुसरत म्हणाली. "जाऊबाईंची धरा वेगळी."

जाऊबाई म्हणजे जीवर, सफरअलीच्या थोरल्या भावाची विधवा. ती राहायची अंगणापलीकडच्या खोलीत, पण नवरा गेल्यापासून दोन्ही वेळा जेवायची नुसरतकडे. आणि मोजणीवाले भिंती मोजत नाहीत. जेवायला अंथरतात त्या एका कापडावर, एका दस्तरखानावर जेवतात ते एक घर, असा त्यांचा हिशेब.

"म्हणजे मी खोटं बोलू?" जीवरने विचारलं.

"एकच शब्द तर बोलायचाय, जाऊबाई. 'वेगळी' म्हणा नि गप्प बसा. एरवी तुम्हाला गप्प करायला अख्खं गाव लागतं!"

जीवर हसली नाही. नुसरतला ते खटकलं, पण टँकर डोळ्यांपुढे असला की माणसाला बाकीचं कमी दिसतं.

मोजणीवाली आली ती धुळीने माखलेली, वयाने अगदी पोरसवदा. अंगणात सगळ्यांसमोर तिने विचारलं, "आजी, तुम्ही जेवता कुणाकडे?"

जीवरने नुसरतकडे एकवार पाहिलं. "कुणाकडे नाही. माझं मी करून खाते."

"यांच्याकडे नाही?"

"नाही."

पोरीची गाडी उताराला लागली तसा सफरअली हैदरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चार! आता मारा म्हणावं रेघ!"

दिवस मावळताना नुसरतने दस्तरखान अंथरला. जीवर आली नाही. पलीकडच्या खोलीतून मात्र धूर येत होता. नुसरत गेली तर म्हातारी ओल्या काटक्या फुंकत कांद्याअंड्याचा रस्सा ढवळत होती.

"हे काय नवीन? चला जेवायला."

"नाही गं. ज्या घरचं मीठ खाल्लं, ते चारचौघांत नाकारलं मी. आता तिथला घास घशाखाली उतरायचा नाही."

"अहो, ते गावासाठी होतं!"

"गाव वाचलं ना? झालं तर मग."

 आपण एक शब्द मागितला असं नुसरतला वाटलं होतं. खरं तर म्हातारीकडून तिचं घरच मागून घेतलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिचा आवाज चढायचा.

"अहो, तुमचं तुम्ही वाढून घ्या!" तिने अंगणापलीकडे नवऱ्याला हाक दिली आणि चुलीपुढे फतकल मारून बसली. "तुम्ही माझं मीठ नाकारलंत. मी तुमचं कुठं नाकारलंय? वाढा."

 जीवरने एकुलत्या एका वाडग्यात रस्सा ओतून तो तिच्यापुढे सरकवला.

रस्सा भलताच खारट झाला होता. नुसरतने वाडगा चाटूनपुसून रिकामा केला आणि आणखी मागितला.