तुटलेली तोरडी

मित्रांनो, मी एक जुनी, पायात घालायची चांदीची तोरडी आहे. आता तुटलेली. तुटल्याचं मला वाईट वाटत नाही. त्याआधी जे चाललं होतं ते आठवलं, की मात्र अजून वैताग येतो.

धुळ्याच्या सराफाने मला घडवलं तेव्हा नरडाण्याची सुगंधाबाई नवी नवरी होती. माझी नि माझ्या जोडीदारणीची रुणझुण घरात सगळ्यांना आवडायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा टोचतात म्हणून तिने आम्हा दोघींना काढून ठेवलं. ते बाळ राहिलं नाही. दोष कोणावर आला, तर आमच्यावर. तेव्हापासून घरात नियमच झाला: पोटुशीने तोरडी काढायची नाही. आता चांदीच्या कडीला कुठलं आलं बाळ राखणं? पण मला विचारतो कोण.

यंदा सुगंधाबाईची सून नूतन पोटुशी राहिली आणि आम्ही तिच्या पायात आलो. पुढे तिचे घोटे सुजू लागले. सर्वांत आधी मला कळलं, कारण मीच तिथे रुतत होते.

मग उपायांची रीघ लागली. गरम पाण्याचं घमेलं, त्यात मीठ. शेकलेली एरंडाची पानं. मोबाइलवर बघून कोबीची पानं. नशिराबादहून नूतनचे अभिमनमामा पायाला चोळायला केळीच्या खोडाचा रस घेऊन आले. शेजारच्या राजकुंवरबाईंनी शिबिरातून आणलेला चुंबकाचा पट्टा माझ्यावरच आवळला.

"बांध बेटा," त्या म्हणाल्या, "माझ्या जेठाणीची सूज यानेच उतरली."

"तुमची जेठाणी पोटुशी होती का?" नूतनने विचारलं.

"नाही गं. सत्तरीची आहे."

मिठाने मी काळी पडले, रसाने चिकट झाले. पाय उशीवर ठेवले की तिला जरा बरं वाटे, पाण्यात सोडले की पोरगी हुश्श करी, हे मी नाकारत नाही. पण सूज का येते, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

एका सकाळी तिचा चेहराही सुजला. पाय घमेल्यातच होते.

"आत्याबाई, डोकं ठणकस. डोयासमोर काजवा चमकतस," ती सासूला म्हणाली.

"ऊन लागनं व्हई तुले," सुगंधाबाई म्हणाली आणि पाण्यात आणखी मीठ टाकलं.

नूतनने पाय बाहेर काढले. "बस व्हयनं आते. घमेलं उचला नि माले दवाखानामा लई चला."

तिचा नवरा हेमराज गाडी काढायला धावला.

धुळ्याच्या दवाखान्यात कळलं, की सूज चढलेल्या रक्तदाबाची होती; तो इतका वाढला होता, की डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरवलं. नर्सने आम्हाला काढायला घेतलं. साबण लावला, तेल लावलं. आम्ही कुठल्या निघतोय?

"मावशी, कापाव्या लागतील. दागिना आत चालत नाही."

सुगंधाबाईचा हात माझ्यावर घट्ट बसला. तिला कोणतं बाळ आठवत होतं, ते मला ठाऊक होतं. मी बोलू शकले असते तर म्हणाले असते, बाई, सोड मला.

तिने नूतनच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"हेमराज, गाडीमातली पक्कड आन." तो आला तसा तिने हात पुढे केला. "माले दे. मीच तोडस."

मित्रांनो, कट्‌ आवाज झाला, आणि इतक्या दिवसांनी त्या घोट्याने श्वास घेतला. पाठोपाठ माझी जोडीदारीणही तुटली.

बाळ लहानखुरं, पण खणखणीत रडलं. नूतन बरेच दिवस दवाखान्यात राहून घरी आली. सोनार मला सांधून द्यायला तयार होता. सुगंधाबाईने नको म्हटलं.

मला घासूनपुसून ठेवा, हे मागणं मी कधीच सोडलंय. माझी विनवणी एवढीच, की पाय सुजले तर आधी तपासून घ्या. शेक-लेप त्यानंतरही होतील. पोटुशी असेल आणि डोकंही दुखत असेल, तर घटकाभरही थांबू नका.

आता गल्लीत कोणाचे पाय सुजले, की सुगंधाबाई डब्यातून मला काढते आणि त्या बाईच्या तळहातावर माझे दोन तुकडे ठेवते.

"पहिले बीपी मोजी ये," ती म्हणते. "मंग घमेलं मांडजो."